घरचा कोरा अंगठा

लोकांची बोटं मागत फिरणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? अंगठाबाई म्हणायचे. रसायनशास्त्रातली चांगली घसघशीत डिग्री घेऊन ती सरकारी प्रयोगशाळेत लागली होती, पण शिपायापासून साहेबांपर्यंत कुणाच्याही तोंडी तिचं खरं नाव नव्हतं. घरी सासूबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की तोंडात धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या. "एवढं शिकून शेवटी अंगठाच!" असं म्हणून त्यांनी ते नाव घरातही रूढ करून टाकलं.

सासूबाई म्हणजे जन्मभर शिवणक्लास चालवलेली बाई. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि जीभ कात्रीच्या वरताण. क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी शेजारपाजारचं काहीबाही शिवणं चालूच असायचं. सासू-सुनेचं जमायचं ते भांडणावर. सून संध्याकाळी घरी आली की सासूबाई विचारायच्या, "आज कुणाकुणाची बोटं छाटलीस?" आणि सून म्हणायची, "तुमची राहिलीत, बसा पुढ्यात."

आता हे बोटांचं प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई जादूटोणा करत होती. माणसानं अंमली पदार्थाला हात लावला की तो बोटाला चिकटतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण माणसानं तोच पदार्थ पोटात घेतला की शरीर त्याची मोडतोड करतं, त्यातून वेगळाच एक पदार्थ तयार होतो आणि घामाबरोबर गुपचूप बोटाच्या टोकावर येतो. नुसता हात लावलेला माणूस साबणानं हात धुतो आणि सुटतो. घेणाऱ्यानं कोपरापर्यंत हात घासले तरी थोड्या वेळानं घाम येणारच, आणि घाम चहाडी करणारच. म्हणून अंगठाबाई आधी एक ठसा घ्यायची, मग हात धुवायला लावायची, रबरी हातमोजे चढवून घाम काढायची आणि दुसरा ठसा घ्यायची. त्या कागदाच्या तुकड्यावर द्रावणाचा थेंब सोडून वीज लावली की मशीन त्यातला एकेक रेणू वजनावरून ओळखायचं आणि पडद्यावर सुळके काढायचं. सुळका उठला की समोरच्याची बोबडी वळायची.

पण दोषी ओळखायचा तर आधी निर्दोष ठसा कसा दिसतो ते मशीनला दाखवावं लागतं. त्याला प्रयोगशाळेत कोरा ठसा म्हणायचे. आणि कोरे ठसे मिळवणं हीच खरी डोकेदुखी होती. तिथली माणसं दिवसभर पोलिसांनी आणलेल्या पुड्या फोडणारी, त्यांच्या बोटांचा काय भरवसा? हातमोजे घालून काम केलं तरी खुर्चीला, दाराला, चहाच्या कपाला काहीतरी लागलेलं असायचंच. साहेबांचा स्वतःचा अंगठा लावून बघितला तर मशीन असं काही पेटलं की साहेबांनी घाईघाईनं पडदाच बंद केला.

"मी आणते कोरे ठसे," अंगठाबाई म्हणाली. "आमच्या घरात चहापलीकडे कुणाला कसलं व्यसन नाही." हे तिनं मान ताठ करून, चारचौघांत सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

घरात माणसं चार. नवरा गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिक्षक. दुसऱ्याच्या गाडीत बसून सतत ब्रेकवर पाय ठेवायची सवय, ती संसारातही उतरलेली. धाकटा दीर हॉटेलातल्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. केस खांद्यापर्यंत, झोप दुपारपर्यंत, आणि वहिनीची टिंगल केल्याशिवाय घास गिळायचा नाही. मग सासूबाई आणि ही. रोज जेवायला बसायच्या आधी ताटांशेजारी कागदाचे चौकोन मांडले जायचे आणि जो तो मुकाट्यानं अंगठा दाबायचा. ते कागद प्रयोगशाळेतल्या डब्यात साठत जायचे.

"वहिनी, एक दिवस मिठाशेजारी चुकून हेच वाढाल," दीर म्हणायचा.

"खा की भाऊजी, तुमच्या पोटात काय काय जातं त्यात हे काय जड."

कटकट एकच होती, सासूबाईंचा अंगठा. आयुष्यभर कापड दाबून, सुया रेटून त्यावरच्या रेघा पार झिजल्या होत्या. कागदावर ठसा उमटायचा तो पुसट डागासारखा. "आई, तुमचा अंगठा कोरा नाही, पुसलेला आहे," असं सून म्हणायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "बरंच आहे, उद्या मी कुणाचा गळा दाबला तरी तुला पत्ता लागायचा नाही."

नियमाप्रमाणे घरच्यांचेही दोन ठसे घ्यायला हवे होते, धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा. पण सगळ्यांना हातमोजे घालून बसवायचं म्हणजे जेवण गार होतं. घरचीच तर माणसं, असं म्हणून अंगठाबाईनं दुसरा ठसा सोडून दिला. बाहेर कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता.

मग एक दिवस बातमी आली की वरून समिती येणार. ही पद्धत सगळीकडे लागू करायची की गुंडाळून ठेवायची, ते समिती ठरवणार. समिती म्हटल्यावर साहेब कामालाच लागले. त्यांनी सगळी टेबलं पुसायला लावली, झाडांच्या कुंड्यासुद्धा पुसायला लावल्या आणि अंगठाबाईला म्हणाले, "तेवढे कोरे ठसे एकदा चालवून घ्या. त्यात काही निघायला नको हं."

निघालं. मॉर्फिन निघालं.

अंगठाबाईनं पहिल्यांदा मशीनला चार शिव्या घातल्या. मग ते उघडून पुसलं, द्रावण बदललं, कागद बदलले आणि पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. नवऱ्याच्या ठशात काही नाही, तिचा स्वतःचा ठसा तर ती हिशेबात धरतच नव्हती, प्रयोगशाळेतली बोटं ती. दिराच्या ठशात मात्र हा एवढा सुळका. आणि सासूबाईंच्या ठशात इवलासा, असून नसल्यासारखा.

तिचं डोकं झरझर चालू लागलं, आणि तिथंच घोटाळा झाला. मोठा सुळका म्हणजे मूळ माणूस हा. लहान सुळका म्हणजे त्याच्या हातून दुसऱ्याला लागलेला. दीर आईला चहाचा कप देतो, पाठीला तेल लावून देतो, त्यातून आईच्या बोटाला लागलं असणार. तिला सगळं लख्ख दिसलं. गावभर गर्दुल्ले शोधत फिरतेय आणि आपल्याच घरात एक पोसलाय! काखेत कळसा नि गावाला वळसा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिनं आज कागद मांडले नाहीत. दीर म्हणाला, "काय वहिनी, आज अंगठ्यांना सुट्टी?"

"भाऊजी, तुमच्या बोटांवर मॉर्फिन आहे. कुठून आलं?"

घास हातातच राहिला त्याचा. नवऱ्यानं आधी तिच्याकडे, मग भावाकडे बघितलं, आणि जन्मभर ब्रेकवर असलेला पाय एकदम काढला. "मी सांगत होतो! हॉटेलातली नोकरी, रात्रीची जागरणं, ते केस! मी सांगत होतो की नाही?"

"मी काही घेत नाही," दीर म्हणाला.

"मग बोटावर काय आभाळातून पडलं?" नवरा म्हणाला.

"ते मी नाही सांगणार."

"नाही सांगणार? मग उद्याच्या उद्या सामान उचल आणि चालू लाग. या घरात बायको लोकांना पकडते आणि भाऊ... छे! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

दिरानं एकदाच आईकडे बघितलं. सासूबाई भिंतीशी बसून खिडकीच्या पडद्याला दुमड घालत होत्या, तोंडात टाचण्यांची रांग. हल्ली त्या जेवायला उशिरा यायच्या, आधी हा पडदा होऊ दे म्हणायच्या. त्यांनी टाचण्यांआडूनच "अन्नावर भांडू नका" असं काहीतरी पुटपुटलं आणि पुन्हा मान खाली घातली.

पण अंगठाबाईला नुसता संशय पुरत नसे, पुरावा लागे. "थांबा. घेतो की नुसता हात लावतो, ते आत्ता कळेल. भाऊजी, हात धुवा."

"धुतो की!" दीर ताडकन उठला. "साबण द्या, घासणी द्या, कोपरापर्यंत धुतो."

हे तिला खटकलं. हात धुतल्यावर काय होतं ते तिनं या टेबलावर शंभरदा सांगितलं होतं. घेणारा माणूस ते ऐकून असा नाचत नळाकडे जात नाही. पण राग डोक्यात असला की खटकलेलं बाजूला सरतं. "सगळेच धुवा," ती म्हणाली. "नियम तो नियम. आई, तुम्हीसुद्धा."

"मला कशाला मेलीला? माझा अंगठा तर पुसलेला."

"आईला राहू द्या ना, वहिनी," दीर म्हणाला. त्याचा सगळा नाच उतरला होता.

"का? आई काय आकाशातून पडल्यात?"

सासूबाई भिंतीला हात टेकत उठल्या. नळाखाली त्यांनी हात इतके वेळ आणि इतके जोरानं घासले की नवरा म्हणाला, अगं आई, कातडी सोलशील. मग चौघंही रबरी हातमोजे घालून टेबलाभोवती बसले. भाजी गार होत होती, आणि सगळ्यांच्या बोटांना घाम सुटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत पोचल्या पोचल्या तिनं आधी दिराचा ठसा घातला. पडदा सपाट. काही म्हणजे काही नाही. म्हणजे भाऊजी नुसता हात लावणारा, घेणारा नव्हे. तिला बरं वाटलं, आणि मग वाटलं, अरे, मग घेणारा कोण?

सासूबाईंच्या ठशाला सुळका उठला. इवलासाच, पण होता तो शरीरात मोडतोड होऊन घामातून आलेल्या पदार्थाचा. साबणानं न जाणाऱ्या.

तिनं तो कागद उजेडात धरला. सुळका लहान होता तो औषध कमी म्हणून नाही. अंगठा झिजलेला म्हणून. गुळगुळीत अंगठ्यावर घाम धरायला रेघाच नाहीत, तर कागदावर येणार काय? रोज त्या अंगठ्याला नावं ठेवणाऱ्या बाईला ऐन वेळी तेवढंच आठवलं नव्हतं. दुसरी कुणी साधी बाई असती तर म्हणाली असती, दोघांच्या बोटाला लागलंय, दोघांना विचारू. हिनं सुळके मोजले आणि एकाला घराबाहेर काढलं.

मग एकामागून एक आठवायला लागलं. सासूबाईंनी शिवायला घेतलेला तो पडदा. महिनोन् महिने एकाच पडद्याची दुमड चालली होती. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी बोलावं लागत नाही. भिंतीला हात टेकून उठणं. पाठीला तेल. आणि सासरे. सासरे गेले तेव्हा त्यांच्या दुखण्यावरच्या, मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत द्या, असं हिनंच बजावलं होतं. दिल्या का, ते कुणाला विचारलं नव्हतं. साहेब विचारत होते "कोऱ्यांचं काय झालं?" आणि ती पर्स उचलून दाराबाहेर पडली.

घराच्या दारात ड्रमची पेटी आणि एक बॅग तयार होती. आत दीर आईच्या पायाशी बसला होता. मांडीवर बटणांचा डबा उघडा, आणि त्यातल्या बटणांखालून काढलेल्या पट्टीतून तो एक गोळी सोडवत होता. सासूबाईंच्या बोटांना ती पट्टी फुटत नसे.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "बेड्या आणल्यास की अजून कागदच चाललेत?"

"किती दिवस, आई?"

"सून पोलिसांच्या कामाची, घरात चोरी करायची सोय म्हणून नाही."

"आई, मी विचारतेय, दुखतंय किती दिवस? कुठं दुखतंय?"

सासूबाईंचा हात सवयीनं टाचण्यांच्या डबीकडे गेला. अंगठाबाईनं डबी उचलून कपाटावर ठेवली.

"पोटात," सासूबाई म्हणाल्या. "तिथून पाठीत. तुझे सासरे इथून दवाखान्यात गेले ना, ते स्वतःच्या पायांनी गेले होते, आले ते दुसऱ्यांच्या खांद्यावरून. मला नव्हतं जायचं. म्हटलं, गोळ्या आहेत तोवर आहेत."

"आणि भाऊजी, तुम्ही? घर सोडून निघाला होता, तरी बोलला नाहीत?"

"शपथ घातली होती आईनं," दीर म्हणाला. "आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत, वहिनी. तुम्ही हात धुवायला सांगितलंत."

अंगठाबाई तिथंच जमिनीवर बसून भडाभडा रडली. चुकलं भाऊजी, म्हणाली, चुकलं आई, म्हणाली, पुन्हा पुन्हा तेच. कोण काय घेतं ते ती अख्ख्या शहराला सांगत होती, आणि रोज ज्या बाईचा अंगठा धरत होती तिच्या तोंडाकडे तिनं नीट बघितलं नव्हतं.

"पुरे गं," सासूबाई म्हणाल्या. "नाक पूस. आणि हात धुवू नकोस, पुन्हा काहीतरी निघायचं."

दवाखान्यात जे निघायचं ते निघालं. पोटात गाठ होती, जुनी, आणि चाकू लावण्यापलीकडे गेलेली. डॉक्टरनं आधी जुन्या गोळ्यांवरून सगळ्यांना झाडलं. मग सांगितलं की आता दुखणं आवरायचं, एवढंच आपल्या हातात. आणि त्याच गोळ्या, ताज्या, रीतसर लिहून दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघा, एवढ्यासाठी मी चोर झाले." त्या दिवशी नवऱ्यानं दारातली ड्रमची पेटी स्वतःच्या हातांनी आत आणली आणि चुकीच्या खोलीत ठेवली. धाकट्यानं ती थोड्या वेळानं उचलून जागेवर नेली, आणि भावाला म्हणाला, "दादा, चहा टाकतोस का?"

साहेबांना सगळं सांगावंच लागलं. "म्हणजे आपले कोरे ठसे कोरे नव्हते? समितीला काय सांगू? अंगठाबाईच्या सासूबाई?"

"हेच सांगा," अंगठाबाई म्हणाली. "आणि नवे कोरे ठसे मी नियमानं घेते. दोन दोन. चूक माझी होती, मशीनची नव्हती."

घरी हे ऐकून सासूबाईंनी वेगळाच सूर लावला. "कोरे मिळतील गं पैशाला पासरी. घेणाऱ्याचा खरा ठसा कुठून आणशील? काय घेतलं, कधी घेतलं, सगळं डॉक्टरला ठाऊक असलेला माणूस आहे का तुझ्याकडे? मला ने."

"वेड लागलंय का, आई!"

"गोळ्यांनी लागतं म्हणे थोडं."

नवरा नको म्हणाला, साहेब तर हातच जोडायला लागले. पण या बाईपुढे आजवर कुणाचं चाललं होतं? समितीच्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून, दिराच्या खांद्याला धरून प्रयोगशाळेत आल्या. टाय लावलेली माणसं रांगेत बसली होती. त्यांच्यासमोर सासूबाईंनी नळाखाली हात धुतले, ऐटीत हातमोजे चढवले, आणि घाम येईपर्यंत समितीतल्या एकाच्या कोटाची शिवण कशी उसवत आलीय ते त्याला समजावून सांगितलं. मग अंगठा दाबला. कागद फिकाच दिसत होता. अंगठाबाईनं या वेळी रेघा मोजून, पुसट ठशाचा हिशेब धरून मशीन लावलं, आणि पडद्यावर सुळका उठला. इवलासा, पण स्पष्ट.

"अरे वा!" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आजी, कधीपासून घेताय ही गोळी?"

"तुमचं मशीन एवढं हुशार आहे ना, त्याला विचारा की."

सगळे हसले. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि लगेच तो हात खिशात लपवला. पद्धत पास झाली म्हणून चहा आला, बिस्किटं आली, जो तो दुसऱ्याची पाठ थोपटू लागला.

त्या गडबडीत सासूबाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होत्या. अंगठाबाई त्यांचे हातमोजे उचलायला आली तशी त्यांनी तिला खुणेनं खाली बसायला सांगितलं.

"काय गं, हा डोंगर म्हणजे मी घेतलेली गोळी?"

"हो आई."

"आणि दुखतं ते? ते कुठं दिसतं यात?"

"ते नाही दिसत."

"कुठल्याच मशीनला नाही?"

"नाही आई."

"म्हणजे तोंडानंच सांगावं लागतं." सासूबाईंनी पडद्यावरची नजर काढली आणि सुनेचं बोट घट्ट धरलं. तोंडात एकही टाचणी नव्हती. "मग ऐक. फार दुखतंय गं आज."